बुरशी शिरते केव्हा, औषध द्यायचे केव्हा?



श्रावणातली एखादी झड आठवा. चार दिवस सूर्याचे दर्शन नाही, वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल आली आहे. अशा वेळी फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची अर्धी भाकरी दुरडीत तशीच राहून जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फडके उघडावे, तर भाकरीवर हिरवट-काळसर ठिपके आणि त्यांच्यावर कापसासारखी मऊ लव! आई म्हणते, "बुरसली ती, टाकून दे."

ही बुरशी आली कोठून? भाकरी तर तव्यावर चांगली भाजलेली होती. उत्तर सोपे आहे. बुरशी हवेतून आली. बुरशी आपले बीजाणू हवेत सोडते. त्यांपैकी काहींचा व्यास अवघा दोन ते तीन मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असे सुमारे चारशे बीजाणू एका ओळीत ठेवले, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. वाऱ्याच्या हलक्या झुळकेवरही ते तासन् तास तरंगतात. ओल आणि अन्न मिळाले की रुजतात.

तुम्ही बुलढाणा जिल्ह्यात राहत असाल, तर बुरशीची ओळख तुम्हांला शाळेच्या पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. घाटावरच्या मेहकर-चिखलीपासून घाटाखालच्या मलकापूर-शेगावपर्यंत प्रत्येक शेतकरी तिला नावानिशी ओळखतो. ज्वारीच्या कणसात काळी भुकटी भरते ती काणी, गव्हाच्या पानावर पडतो तो तांबेरा, कपाशीच्या पानाखाली दही शिंपडल्यासारखा दिसतो तो दहिया, आणि हिरवेगार हरभऱ्याचे झाड उभ्या उभ्या वाळते ती मर. हे सारे बुरशीचेच प्रताप.

आता एक प्रश्न विचारतो. जी हवा त्या भाकरीला लागली, तीच हवा तुम्ही रात्रंदिवस श्वासातून आत घेता. रोज शेकडो बीजाणू तुमच्या फुप्फुसांत जातात. तेथे ओल आहे, ऊब आहे, अन्नही भरपूर आहे. मग तुमच्या फुप्फुसांना बुरशी का लागत नाही?

फुप्फुसांचे पहारेकरी

पहिले कारण म्हणजे शरीराची ऊब. बहुतेक बुरश्यांना ३७ अंश सेल्सिअस तापमान मानवत नाही. पण ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी कुजणाऱ्या काडीकचऱ्यात, उकिरड्याच्या गरम ढिगात वाढते. तिला ३७ अंश म्हणजे काहीच नाही. तिला अडवायला दुसरा बंदोबस्त लागतो.

हा बंदोबस्त आपल्या पेशी करतात. श्वासनलिकेतील चिकट द्राव आणि हलणारे सूक्ष्म केस बरेचसे बीजाणू बाहेर ढकलतात. जे फुप्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, त्यांना तेथील महाभक्षी पेशी गिळून टाकतात. त्यांच्या तावडीतून एखादा सुटला आणि त्याला अंकुर फुटून धागा वाढू लागला, तर मग रक्तातून न्यूट्रोफिल धावून येतात. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार आहे. धागा गिळता येण्याइतका लहान नसतो. म्हणून न्यूट्रोफिल त्याला वेढतात आणि आपल्याजवळील जहाल रसायने त्याच्यावर सोडून त्याचा नाश करतात.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण २,००० ते ७,५०० न्यूट्रोफिल असतात. त्यांचे रक्तातील आयुष्य फार थोडे, जेमतेम एखाद्या दिवसाचे. म्हणून हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा त्यांची सतत निर्मिती करीत असते. रोज सुमारे दहा हजार कोटी! हा कारखाना एक दिवसही बंद राहून चालत नाही.

पहारा उठतो तेव्हा

समजा, मेहकर तालुक्यातील तुमच्या वर्गातल्या एका मित्राला तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झाला. घरचे लोक त्याला घेऊन शेगावला गाडीत बसले आणि पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आले. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय विदर्भातल्या खेड्यापाड्यांतही माहीत आहे. तेथे त्याच्यावर औषधोपचार सुरू झाले.

कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात. त्यांच्यावरची बरीचशी औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. पण शरीरात इतरही पेशी भराभर विभागत असतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी मरतात, म्हणून केस गळतात. तोंडातील आणि आतड्यातील अस्तराच्या पेशी मरतात, म्हणून तोंड येते. आणि अस्थिमज्जेतील पेशी मरतात, म्हणून न्यूट्रोफिलांचा कारखाना बंद पडतो. रक्ताच्या कर्करोगात तर ही मज्जा रोगानेच आधी ग्रासलेली असते. दहा-बारा दिवसांत न्यूट्रोफिल ५०० च्या खाली येतात, कधी १०० च्याही खाली. मज्जा सावरेपर्यंत दोन-तीन आठवडे पहारा जवळजवळ उठलेला असतो.

याचा परिणाम काय होतो, हे १९६६ साली अमेरिकेतील जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. त्यांच्या त्या प्रसिद्ध लेखाच्या चार लेखकांत एक आडनाव 'साठे' असे आहे. रुग्णांच्या रक्तपेशी मोजून त्यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. पेशींची संख्या जितकी कमी, तितका जंतुसंसर्गाचा धोका अधिक. आणि ती जितके अधिक दिवस कमी राहील, तितकाही धोका अधिक. आजही डॉक्टर याच दोन गोष्टी पाहतात. पहारेकरी किती उरले, आणि पहारा किती दिवस उठलेला राहणार?

या दिवसांत दोन बाजूंनी हल्ला होतो. कँडिडा नावाची किण्वासारखी बुरशी आपल्या तोंडात आणि आतड्यात एरवीही राहत असते. फाटलेल्या अस्तरातून किंवा शिरेत घातलेल्या नळीवाटे ती रक्तात उतरते. दुसरीकडे, हवेतून आलेला ॲस्परजिलस फुप्फुसात रुजतो आणि त्याचे धागे थेट रक्तवाहिन्यांत घुसतात. म्हणजे कर्करोगाचे औषध लागू पडत असतानाच रुग्ण भाकरीवरच्या बुरशीच्या भाऊबंदांकडून दगावू शकतो.

शत्रू, पण नात्यातला

आता तुम्ही म्हणाल, जंतूंवर पेनिसिलिनसारखी औषधे आहेत, मग बुरशीवर औषध देऊन टाकावे! पण गोष्ट इतकी सोपी नाही.

जीवाणू आपल्यापासून फार दूरचे आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नाही, त्यांची पेशीभित्तिका वेगळी आहे. पेनिसिलिन ही भित्तिका बनू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन आपल्याला त्या रीतीने इजा करीत नाही. बुरशी मात्र आपली दूरची नातेवाईक आहे. तिच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक आहे आणि बहुतेक यंत्रणाही आपल्यासारखीच आहे. जे विष तिला मारील, ते आपल्यालाही मारण्याची भीती. घरातल्याच माणसाशी भांडण झाले म्हणजे घर न मोडता ते मिटवणे जसे कठीण, तसेच हे!

तरीही एक बारीकसा फरक आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पेशीपटल असते. त्याला घट्टपणा यावा म्हणून आपल्या पेशी कोलेस्टेरॉल वापरतात. बुरशी त्या जागी एर्गोस्टेरॉल वापरते. दोन्ही रेणू एकमेकांसारखे, जणू सख्खे भाऊ. बुरशीविरोधी औषधांची मोठी फळी याच फरकाच्या आधारावर उभी आहे.

मातीतून आलेली औषधे

हा फरक माणसाच्या आधी मातीतल्या सूक्ष्मजीवांनी हेरला होता. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध सुटतो, तो बव्हंशी स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जीवाणूंच्या गटामुळे. हे जीवाणू जमिनीत बुरशीशी अन्नासाठी झगडतात आणि तिला मारणारी रसायने तयार करतात.

१९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी अशा एका जीवाणूपासून निस्टॅटिन हे औषध मिळवल्याचे जाहीर केले. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासत, आणि ब्राउन अल्बनी येथे त्यांतील रसायन वेगळे करीत. नमुन्यांच्या बाटल्या टपालाने इकडून तिकडे जात. ज्या मातीतून यश आले, ती व्हर्जिनियातील एका परिचिताच्या शेतावरची होती!

आपल्या महाराष्ट्रातही असाच शोध लागला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधक एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक नवे बुरशीविरोधी प्रतिजैविक प्रसिद्ध केले. कारखान्याच्या नावातील आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठेवले 'हॅमायसिन', आणि ते बनवणाऱ्या जीवाणूचे नाव ठेवले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पिंपरीचे नाव असे जीवशास्त्राच्या ग्रंथांत गेले. याच प्रयोगशाळेतून पुढे पिकांच्या बुरशीवरचे ऑरिओफंजिन हेही प्रतिजैविक निघाले.

तोंडातल्या किंवा कातडीवरच्या बुरशीला निस्टॅटिन आणि हॅमायसिन चांगली होती. पण रक्तात देण्याच्या दृष्टीने ती फार विषारी. ती उणीव ॲम्फोटेरिसिन-बी या त्यांच्याच भाऊबंदाने भरून काढली. त्याचा जीवाणू दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते रुग्णांना मिळू लागले. ते एर्गोस्टेरॉलला घट्ट चिकटते, त्याला पटलातून ओढून घेते, पटलाला छिद्रे पाडते आणि पेशीतील क्षार बाहेर गळू लागतात. बुरशी मरते.

पण एर्गोस्टेरॉलचा भाऊ कोलेस्टेरॉल आपल्या पेशींत आहे ना? थोड्याफार प्रमाणात हे औषध त्यालाही चिकटते. रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि मूत्रपिंडांना इजा होते. हे एकच जालीम औषध हाती असल्याने कित्येक वर्षे डॉक्टरांना एकीकडे बुरशी आणि दुसरीकडे मूत्रपिंड असे मोजमाप करावे लागे.

औषध पिशवीत घालून देणे

यावर एक नामी युक्ती निघाली. औषधाचे रेणू स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत गुंतवून द्यायचे. अशा गोळीला लायपोसोम म्हणतात. मूत्रपिंडाच्या पेशींशी त्याची सलगी होत नाही. बुरशीजवळ पोहोचल्यावर मात्र औषध स्निग्ध आवरण सोडून एर्गोस्टेरॉलकडे जाते, कारण त्याची ओढ अधिक. यामुळे औषधाची मात्रा तीन ते पाच पट देता येते आणि तरीही इजा कमी होते.

परदेशातून आलेले हे औषध अतिशय महाग होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि त्याच्याशी जोडलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील डॉ. बी. के. बच्छावत यांच्यासह भारतीय बनावटीचे लायपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिन विकसित केले. ते पुढे बाजारात आले. बच्छावत यांच्या प्रयोगशाळेने पिंपरीचे हॅमायसिनही लायपोसोममध्ये घालून उंदरांवर त्याचे प्रयोग केले होते. के.ई.एम. आणि टाटा मेमोरियल ही दोन्ही रुग्णालये परळमध्येच, चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, हे येथे सांगण्यासारखे आहे.

याशिवाय आणखी दोन हत्यारे आहेत. ॲझोल गटातील औषधे एर्गोस्टेरॉल मुळात तयारच होऊ देत नाहीत. त्यांपैकी फ्लुकोनाझोल कँडिडाच्या बऱ्याच जातींवर चालते, पण ॲस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर चालते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ॲस्परजिलसच्या रुग्णांपैकी साधे ॲम्फोटेरिसिन घेऊन उपचार सुरू केलेल्यांतील शेकडा ५८, तर व्होरिकोनाझोल घेऊन सुरू केलेल्यांतील शेकडा ७१ जण बारा आठवड्यांनी जिवंत होते. दुसरे हत्यार कॅस्पोफंजिनच्या गटाचे. ते बुरशीची पेशीभित्तिका बनू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिका नाही, म्हणून ते आपल्याला बरेच निर्धोक. पेनिसिलिनची आठवण झाली ना?

ॲझोल औषधांची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती यकृतातील काही विकरांचे काम मंदावतात. तुमच्या अंगणातील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचे औषध मिळते. त्याचा निचरा याच विकरांकडून होतो. दोन्ही औषधे एकाच वेळी दिली, तर व्हिन्क्रिस्टीन शरीरात साठून मज्जातंतूंना इजा करू शकते. म्हणून कोणते औषध कोणाबरोबर द्यायचे, हेही पाहावे लागते.

शेतकऱ्याचे चार मार्ग

आता सर्वांत अवघड प्रश्न. औषधे आहेत, पण ती द्यायची केव्हा?

बुरशीचे निदान वेळेवर होणे कठीण असते. रुग्णाच्या रक्तात ती पुष्कळदा सापडतच नाही. फुप्फुसाचा तुकडा काढून पाहावा, तर रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी झालेल्या असल्याने रक्तस्रावाची भीती. पुराव्याची वाट पाहिली तर उशीर होतो. सर्वांनाच औषध दिले तर अनेकांना विनाकारण इजा आणि खर्च. मग करायचे काय?

हे कोडे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. पिकावर बुरशी येणार असे वाटले म्हणजे त्याच्यापुढे चार मार्ग असतात. डॉक्टरांपुढेही नेमके तेच चार असतात.

पहिला मार्ग बीजप्रक्रियेचा. ज्वारीवर काणी येऊ नये म्हणून पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळतात. रोग येण्याची वाट पाहत नाहीत. रुग्णालयातही ज्यांचा पहारा फार खाली आणि फार दिवस जाणार हे आधीच ठाऊक असते, त्यांना पहिल्यापासूनच प्रतिबंधक औषध देतात. तीव्र रक्तकर्करोगाचे काही प्रकार आणि अस्थिमज्जारोपणाचे रुग्ण यांत मोडतात. (भारतात यशस्वी अस्थिमज्जारोपणाची सुरुवात १९८३ साली टाटा मेमोरियलमध्येच डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली.) २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे आढळले, की यांतील काही रुग्णांना पोसॅकोनाझोल आधीपासून दिले तर बुरशीचा संसर्ग कमी होतो आणि अधिक रुग्ण वाचतात. पण ज्यांचा पहारा पाच-सहा दिवसच खाली जातो, त्यांना याची सहसा गरज नसते. प्रत्येक बियाण्याला प्रत्येक औषध चोळायचे नसते!

दुसरा मार्ग आभाळ पाहून फवारणी करण्याचा. चार दिवस ढगाळ हवा, दमट वारा, आणि पाने मलूल दिसू लागली, तर शेतकरी ठिपका दिसण्याआधीच फवारतो. रुग्णाला ताप येतो. जीवाणूंवरची प्रतिजैविके लगेच सुरू होतात. चार ते सात दिवस झाले तरी ताप हटत नाही आणि न्यूट्रोफिल वर येत नाहीत. अशा वेळी बुरशीचा पुरावा नसतानाही तिचे औषध सुरू करतात. १९८२ साली फिलिप पिझो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या एका लहानशा अभ्यासाने या पद्धतीला बळ दिले. अनेक वर्षे जगभर हीच वहिवाट होती.

तिसरा मार्ग पहिला ठिपका शोधण्याचा. रोज सकाळी बांधावरून फिरायचे, पाने उलटून पाहायची, आणि पहिला ठिपका दिसताच फवारायचे. रुग्णालयातील 'पाने उलटणे' म्हणजे दोन तपासण्या. ॲस्परजिलसच्या भित्तिकेतील गॅलॅक्टोमॅनन नावाची शर्करा रक्तात झिरपते. ती आठवड्यातून एक-दोनदा तपासतात. आणि फुप्फुसांचे सीटी स्कॅन काढून गाठीभोवती धुरकट कडे दिसते का, ते पाहतात. खूण मिळाली तर औषध सुरू. त्यामुळे निव्वळ तापावरून औषध मिळणाऱ्यांची संख्या कमी होते. पण यासाठी तपासणीचा निकाल वेळेवर हाती यायला हवा. आठवड्याने निकाल येणार असेल, तर हा मार्ग कामाचा नाही.

चौथा मार्ग रोग पक्का ओळखून उपचार करण्याचा. तांबेऱ्याचे औषध मरीवर चालत नाही. तसेच व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर चालते, पण म्युकर गटातील बुरशीवर चालत नाही. तेथे लायपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिनच द्यावे लागते आणि शस्त्रक्रियेने सडका भाग काढावा लागतो. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत याच म्युकरने महाराष्ट्रात हाहाकार माजवला होता. तेव्हा रुग्ण मुख्यतः मधुमेहाचे आणि स्टिरॉइड दिलेले होते. पहारा ढिला पडण्याची ती वेगळी रीत. त्या वेळी ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाइकांना गावोगाव हिंडावे लागले, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल.

चांगला डॉक्टर या चारांपैकी एकालाच धरून बसत नाही. कोणाचा पहारा किती दिवस उठणार, तपासणीची सोय काय, रुग्णाची मूत्रपिंडे कशी आहेत, हे पाहून तो मार्ग ठरवतो आणि गरज पडल्यास बदलतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. औषध बुरशीला थोपवून धरते. तिचा निकाल लावतात ते बहुधा परत आलेले न्यूट्रोफिलच. म्हणून मज्जेला पेशी बनवण्याचा इशारा देणारे एक प्रथिन काही रुग्णांना टोचतात. अस्थिमज्जारोपणाच्या खोलीत हवा इतकी बारीक गाळून सोडतात, की ०.३ मायक्रॉनचे कणही जवळजवळ सगळे अडतात. बीजाणू तर त्याच्या कितीतरी पट मोठा!

शेत आणि रुग्णालय

शेतकऱ्याचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. शेत आणि रुग्णालय यांचे नाते आणखी जवळचे आहे.

हरभऱ्याची मर आणणारी बुरशी फ्युजेरियम कुळातली. याच कुळातील बुरश्या न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णाच्या रक्तात शिरून गंभीर आजार करतात. शिवाय पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, हेक्झाकोनाझोल ही नावे वाचा. शेपटी कोणती दिसते? 'कोनाझोल'! व्होरिकोनाझोलचीच ही चुलत भावंडे. शेतात ती वारंवार फवारली, की मातीतल्या ॲस्परजिलसवरही पडतात. बहुतेक मरतात, पण ज्यांच्या जनुकांत योगायोगाने बदल झालेला असतो ते उरतात आणि वाढतात. त्यांचे बीजाणू वाऱ्याबरोबर कोठेही जातात. अशा रुग्णाच्या फुप्फुसात ते रुजले, तर व्होरिकोनाझोल पहिल्या दिवसापासूनच निकामी ठरते. २०१२ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेतील संशोधकांनी भारतातील माती आणि हवा यांतून असे औषधाला न जुमानणारे ॲस्परजिलस शोधून काढले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वांत तातडीच्या चार नावांत ॲस्परजिलस फ्युमिगेटस आहे.

म्हणून फवारणी बंद करावी का? तसे नाही. पीक वाचलेच पाहिजे. पण गरज नसताना, शेजाऱ्याने फवारले म्हणून, किंवा सांगितलेल्या मात्रेपेक्षा वेगळे फवारू नये. हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळणे, फेरपालट करणे, रोगप्रतिकारक वाण घेणे, हे मार्ग आधी वापरावेत. औषधाची धार शेतात बोथट झाली, तर ती रुग्णालयात परत लावता येत नाही.

मित्र घरी येतो तेव्हा

दोन उपचारांच्या मधल्या काळात तुमचा मित्र गावी येईल. तेव्हा तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट, कर्करोग संसर्गजन्य नाही. त्याच्याजवळ बसा, बोला, वर्गातला अभ्यास सांगा. मात्र तुम्हांला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. जाताना हात साबणाने धुवा.

पहारा खाली असण्याच्या दिवसांत त्याला मळणीची धूळ, कडब्याची गंजी, शेणखताचा उकिरडा, जुन्या पेवातले कुबट धान्य, आणि जुनी भिंत पाडण्याचे काम यांपासून लांब ठेवायला घरच्यांना सांगा. या ठिकाणी हवेत बीजाणूंचे लोटच्या लोट असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. त्याला १००.४ अंश फॅरेनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर ती तातडीची बाब समजा. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. पहारेकरी नसताना ताप हीच एकमेव हाक असू शकते, कारण पू धरायला आणि सूज यायलाही न्यूट्रोफिल लागतात! उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच वेळी फोन करावा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री पोहोचावे. सोबत उपचाराचे कागद न्यावेत. मुंबई दूर आहे, पण पहिले प्रतिजैविक मुंबईतच मिळते असे नाही. ते जवळच्या रुग्णालयात पहिल्या तासात मिळाले, तर पुढचे चारही मार्ग मोकळे राहतात.

पुढच्या झडीत भाकरी बुरसेल, तेव्हा टाकण्यापूर्वी ती हुंगू नका, काचेच्या बरणीत बंद करून भिंगातून पाहा. धागे दिसतील, धाग्यांच्या टोकांवर बीजाणूंची डोकी दिसतील. ही बरणी आजारी माणसाच्या घरात मात्र नेऊ नका. आणि मग विचार करा. तुमच्या रक्तातील पहारेकरी आजवर असे किती बीजाणू तुमच्या नकळत परतवून लावत आले असतील?